शब्द वाक्यातून शिकवा : ठाणे-नवी मुंबईतल्या मराठीच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्राथमिक शाळांमध्ये मराठी शिकवणारे सर्व बाई आणि सर,
तसेच दोन्ही महापालिकांचे शिक्षण विभाग

विषय : रोजच्या वापरातले शब्द मुलांना यादीतून न देता वाक्यांतून देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी ऐरोलीत राहते. दोन मुलांची आई आहे, आणि आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच मुलांचा मराठीचा अभ्यास संध्याकाळी आमच्याच घरी होतो. यातली पुष्कळशी मुलं घरी मराठी बोलत नाहीत. कुणाकडे मल्याळम, कुणाकडे गुजराती, कुणाकडे भोजपुरी. त्यांच्या वह्या माझ्या डोळ्यांखालून जातात आणि जवळजवळ प्रत्येक वहीत एकच रचना दिसते : डावीकडे शब्द, मध्ये रेघ, उजवीकडे अर्थ. अंगण म्हणजे घरासमोरची मोकळी जागा. ओंजळ म्हणजे दोन्ही तळहात जोडून केलेला खोलगट आकार. मुलं हे स्कूलबसमध्ये पाठ करतात, चाचणीत लिहितात आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन येतात. मग त्याच मुलाला मी म्हणते, "ओंजळ पुढे कर, शेंगदाणे देते," आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहतं.

माझी मागणी एवढीच आहे : रोजच्या बोलण्यातला शब्द द्याल तेव्हा तो वाक्यात घालून द्या, आणि वाक्य असं निवडा की त्या वाक्यावरूनच शब्द कळावा.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या, सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. पहिली आणि सहावीपासून सुरुवात होऊन ती टप्प्याटप्प्याने वरच्या वर्गांत गेली. त्यामुळे आपल्या दोन्ही शहरांत मराठीच्या तासाला अशी मुलं मोठ्या संख्येने बसतात ज्यांच्या कानावर मराठी पडते ती लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे आणि रेल्वेच्या घोषणांत. त्यांना मराठी बोलता यावी ही माझी मनापासून इच्छा आहे. ही मुलं इथेच वाढणार आहेत, त्यांचे मित्र इथलेच आहेत. यादी पाठ करून ती बोलू लागणार नाहीत, आणि याचं कारण मराठीच्या घडणीतच आहे.

आपल्याकडे नामासोबत कोणतं क्रियापद येणार हे बहुतेक वेळा ठरलेलं असतं. साडी नेसतात, सदरा घालतात, चष्मा लावतात, घड्याळ बांधतात. केस विंचरतात, भांग पाडतात, वेणी घालतात. पोळी लाटतात आणि भाकरी थापतात. भाजी आधी निवडतात आणि मग चिरतात. भरती येते, पण ओहोटी लागते. 'साडी' या शब्दासमोर कितीही चांगला अर्थ लिहिला तरी 'नेसणे' त्यात येत नाही. ते येतं फक्त "लग्नाला आईने हिरवी साडी नेसली" या वाक्यात. मूल 'साडी घातली' म्हणालं की आपण हसतो किंवा दुरुस्त करतो. पण त्याला 'नेसली' ऐकवलंच कुठे होतं?

'लावणे' हे एकच क्रियापद घ्या. वर्कशीटवर त्याच्यासमोर एक अर्थ असतो, फार तर दोन. घरात मात्र दिवसभर हेच ऐकू येतं : दार लाव, डास येतायत. अंधार पडला, दिवा लाव. कुकर लावलास का? गुडघ्याला मलम लाव. शर्टाचं बटण तुटलंय, ते लावून दे. दादाने मोठ्याने गाणी लावलीत. गॅलरीत तुळस लावायची आहे. दार लावलं म्हणजे बंद केलं आणि दिवा लावला म्हणजे चालू केला. हे कुठल्याही शब्दार्थाने समजावता येणार नाही. सात वाक्यं ऐकलेलं मूल मात्र आठवं स्वतः करतं, आणि बहुधा बरोबर करतं.

तीच गोष्ट शरीराच्या आणि मनाच्या शब्दांची. मला भूक लागते, झोप येते, राग येतो, थंडी वाजते, ठेच लागते. यात 'मी' कुठेही नाही, सगळीकडे 'मला' आहे. यादीत 'थंडी' एकटी बसते, म्हणून मूल हिंदीच्या चालीवर 'थंडी लागते' म्हणतं, आणि आता तर मराठी घरांतली मुलंही म्हणू लागली आहेत. त्यांना व्याकरणाचा नियम सांगू नका. "पंखा बंद कर ना, मला थंडी वाजतेय" हे वाक्य पावसाळ्यात वर्गात दोन-चार वेळा मुद्दाम म्हणा.

लिंगाचंही असंच. 'वही (स्त्री.)', 'पुस्तक (नपुं.)' असं लिहून दिलेलं मला कुणाच्या लक्षात राहिलेलं दिसत नाही. इथे एक सोपी युक्ती कामाला येते : उदाहरणाचं वाक्य भूतकाळी करायचं. डबा हरवला, वही हरवली, पुस्तक हरवलं. मी भात खाल्ला, पोळी खाल्ली, वरण खाल्लं. क्रियापदच लिंग सांगून टाकतं आणि मुलाच्या कानात ते जोडीने बसतं. इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही हे लागू आहे : बस आली, ट्रक आला, तिकीट हरवलं. बसला आपण स्त्रीलिंगी का मानतो हे मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही, पण 'बस आला' म्हटलं की कानाला खटकतं. मुलांचा कान तसा तयार करायचा आहे.

आणि सगळ्यात जास्त मुलं अडतात ती सामान्यरूपापाशी. पाऊस पाठ केलेलं मूल 'पावसात' ओळखत नाही. दूध येतं, 'दुधात' येत नाही. भाऊ कळतो, 'भावाला' कळत नाही. आरसा आणि 'आरशात', रस्ता आणि 'रस्त्यावर', माणूस आणि 'माणसाला'. पुस्तकातल्या धड्यात आणि लोकांच्या बोलण्यात शब्द मुख्यतः या बदललेल्या रूपातच येतात, आणि यादीत मात्र तो मूळ रूपात असतो. म्हणजे मूल जे पाठ करतं ते त्याला क्वचितच भेटतं. म्हणून प्रत्येक नव्या नामाची किमान दोन वाक्यं हवीत, एक मूळ रूपाचं आणि एक बदललेल्या रूपाचं : "सकाळपासून पाऊस पडतोय." "पावसात भिजू नकोस, सर्दी होईल."

अर्थ पाठ करून वाक्य करायला लावलं की काय होतं, हे अमेरिकेतल्या जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ सालच्या एका लेखात दाखवून दिलं आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना शब्दकोशात अर्थ पाहून वाक्य लिहायला सांगितलं होतं. 'इरोड' म्हणजे झिजवणे, हळूहळू पोखरणे. कोशात त्याच्या अर्थात 'ईट आउट' हे शब्द होते, आणि रोजच्या इंग्रजीत 'ईट आउट' म्हणजे बाहेर हॉटेलात जेवणे. मुलाने लिहिलं, आमचं कुटुंब खूप 'इरोड' करतं. आमच्याकडच्या वह्यांतही हेच घडतं. 'सोलणे – वरचे आवरण काढणे' असं पाठ केलेल्या मुलीने लिहिलं, "मी वहीचं कव्हर सोललं." 'पाळणे – सांभाळणे' शिकलेला मुलगा लिहितो, "मी माझं दप्तर पाळतो." त्यांना जे दिलं त्यावरून त्यांनी अगदी बरोबर तर्क केला. "आईने मटार सोलले, आम्ही दाणे खाल्ले" आणि "मावशीने दोन मांजरं पाळली आहेत" ही वाक्यं आधी मिळाली असती तर तर्क योग्य दिशेने गेला असता.

इंग्रजी माध्यमात आणखी एक अडचण येते. तिथे अर्थ इंग्रजीत देतात, आणि पुष्कळदा तो इंग्रजी शब्दही मुलाला माहीत नसतो. 'कोमट' समोर 'ल्यूकवॉर्म' लिहिलेलं मी पाहिलं आहे. तिसरीतल्या मुलाला दोन्ही सारखेच अनोळखी. त्याऐवजी म्हणा : "आंघोळीचं पाणी फार गरम होतं. आईने त्यात थोडं गार पाणी घातलं. आता ते कोमट झालं." मुलाच्या घरच्या भाषेतला शब्द तुम्हाला येत असेल, किंवा वर्गातलं दुसरं मूल सांगत असेल, तर तो जरूर सांगा. त्याने काही बिघडत नाही. पण तिथे थांबू नका, लगेच वाक्य द्या.

आता वाक्य कसं असावं. कारण वाक्यं शाळांत असतातच, वर्कशीटवरही असतात. पण त्यातली बरीचशी "ही उशी आहे", "मला ओंजळ आवडते" या घाटाची. या वाक्यांत उशीच्या जागी वही, चिमणी, खुर्ची काहीही बसतं. मी मुलांबरोबर करते ती परीक्षा साधी आहे : नव्या शब्दावर बोट ठेवून तो झाका आणि उरलेलं वाक्य वाचा. झाकलेला शब्द ओळखता आला, निदान त्याच्या जवळपास पोचता आलं, तर वाक्य चांगलं. "आजी डोक्याखाली ___ घेतल्याशिवाय झोपत नाही." "ग्लास नव्हता, म्हणून तिने नळाखाली ___ धरली आणि घटाघटा पाणी प्यायली." "इस्त्री केलेला शर्ट दप्तरात कोंबला आणि तो ___." "गॅस बंद कर, दूध ___ जाईल!"

पहा, या वाक्यांत काहीतरी घडतं आहे, आणि एका गोष्टीने दुसरी घडते आहे. 'म्हणून', 'नाहीतर', 'आणि मग' हे शब्द आले की वाक्य आपोआप अर्थ सांगू लागतं. 'आहे'वर संपणारी वाक्यं बहुधा मुकी असतात. एका वाक्यात नवा शब्द एकच असावा, बाकीचे सगळे मुलाच्या ओळखीचे. विशेषणांना जोडीची गरज असते : "भिंत खडबडीत आहे, हात घासला की खरचटतं, खिडकीची काच मात्र गुळगुळीत आहे." आणि वाक्य माणसं खरंच बोलतील असं हवं. "गाय हा एक उपयुक्त प्राणी आहे" असं कुणी कुणाला बोलताना म्हणत नाही.

शब्दार्थाची यादी अजिबातच नको, असं माझं म्हणणं नाही. कवितेत मोट आली, रहाट आला, जातं आलं तर चित्र दाखवा, एका ओळीत अर्थ सांगा आणि पुढे जा. ते शब्द मुलाला ओळखता आले की पुरे. पण चिरणे, सोलणे, उसवणे, सांडणे, घसरणे, वाळत घालणे, उतू जाणे हे त्याच्या तोंडी यायला हवेत, आणि त्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागणार.

वाक्यांसाठी लांब जायला नको. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या भाजीबाजारात एक सकाळ उभं राहिलं तर पाठ्यपुस्तकातला 'समूहदर्शक शब्द' हा अख्खा भाग कानावर पडतो. मेथीची जुडी, लसणाची गड्डी, केळ्यांची फणी, कांद्यांची माळ. वाशीच्या घाऊक बाजारात कांद्याची गोणी आणि हापूसची पेटी. चेंदणी कोळीवाड्यात किंवा दिवाळे गावात बोंबलाचा वाटा. मुलं हे शब्द 'खालील जोड्या जुळवा' म्हणून पाठ करतात, आणि भाजी आणायला आईबरोबर जातात तेव्हा दोहोंचा संबंध त्यांना कुणी दाखवत नाही. एक गृहपाठ असा देऊन पहा : या आठवड्यात बाजारात ऐकलेली तीन वाक्यं जशीच्या तशी लिहून आणा. "ताई, जुडी केवढ्याला दिली?" हे वाक्य ज्या मुलाने स्वतःच्या कानाने ऐकलं, त्याला जुडीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या गाड्यांतून शेकडो मुलं ये-जा करतात. पुढील स्टेशन ऐरोली. फलाट क्रमांक, जलद गाडी, धीमी गाडी, उशिराने धावत आहे. ही सगळी तयार वाक्यं आहेत. मुलं ती इतकी ऐकतात की नक्कल करून दाखवतात, फक्त त्यांतले शब्द सुटे करून कुणी दिलेले नसतात. "पावसामुळे गाड्या उशिराने धावत आहेत" या एका वाक्यात पाऊस बदललेल्या रूपात आहे, कारण आहे, परिणाम आहे.

आणि खाडी. हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात ते उन्हाळा संपेपर्यंत असतात. २०१५ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात शाळांच्या सहली येतात आणि मुलं परत जाऊन पाच ओळींचा निबंध लिहितात : फ्लेमिंगो हा सुंदर पक्षी आहे, मला फ्लेमिंगो आवडतो. त्याच सहलीत, काठावर उभं असताना बाईंनी म्हटलं, "आता ओहोटी लागलीय, म्हणून चिखल उघडा पडलाय, बघा, पक्षी चिखलात चोच घालून खाणं शोधतायत," तर ओहोटी, चिखल, उघडा पडणे, चोच हे सगळं मुलांच्या डोळ्यांसमोर असतं. दुपारी भरती आली की तेच वाक्य उलटं करून मुलांकडून म्हणवून घ्यायचं.

एक विनंती जरा काळजीने करते. नवी मुंबई उभी राहिली ती इथल्या आगरी-कोळी गावांच्या जमिनीवर. घणसोली, कोपरखैरणे, तळवली, करावे या गावांतली मुलं आजही महापालिकेच्या शाळांत येतात आणि त्यातली काही "मना भूक लागली" म्हणतात. त्या वाक्यावर लाल रेघ मारू नका. ते वाक्य पूर्ण आहे, त्यातली भूक आणि तिचं क्रियापद दोन्ही जागच्या जागी आहेत. त्याच्याशेजारी "मला भूक लागली" हे ठेवा आणि सांगा की वहीत असं लिहितात. या मुलांना मासे, जाळी, भातशेती, खाडी, होडी यांचे शब्द बाकीच्या वर्गापेक्षा जास्त येतात. त्यांच्याकडून वाक्यं घ्या, फळ्यावर लिहा, बाकीच्यांना त्यांच्याकडून शिकू द्या. मराठीच्या तासाला गप्प बसणारी ही मुलं त्या दिवशी बोलतील, याची मला खात्री आहे.

वेळ नाही, वर्ग मोठे आहेत, कागदपत्रांचं काम संपत नाही, हे मी पालकसभेत ऐकते आणि मला ते खरं वाटतं. म्हणून शब्द कमी करा. एका धड्यातले दहा शब्द यादीत देण्याऐवजी तीन शब्द वाक्यांतून द्या आणि तेच तीन पुढच्या पंधरा दिवसांत सहज बोलता बोलता पुन्हा आणा. दहातले सात शब्द राहिले म्हणून मुलाचं नुकसान होत नाही. तसेही ते चाचणीनंतर राहत नाहीत.

शिक्षण विभागांकडे माझ्या दोन ठोस मागण्या आहेत. पहिली, चाचणीतला प्रश्न बदला. 'शब्दार्थ लिहा' या प्रश्नाने घरी यादी पाठ होते, आणि 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाला "मी अडसर पाहिला" लिहूनही गुण मिळतात. त्याऐवजी रिकामी जागा असलेलं, अर्थ सुचवणारं वाक्य द्या आणि शब्द मुलाला आठवू द्या. किंवा एकाच शब्दाची दोन वाक्यं द्या, एक बरोबर आणि एक चुकीच्या वापराचं, आणि कोणतं बरोबर ते विचारा. लहान वर्गांत हे तोंडी घ्या. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावं असं ध्येय ठेवलं आहे आणि त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरवलेलं आहे. समजून वाचणं तपासायचं तर प्रश्नही तसाच लागेल.

दुसरी मागणी केंद्र पातळीवरच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदांसाठी. प्रत्येक शिक्षिकेने एकटीने घरी बसून वाक्यं रचावीत ही अपेक्षा अन्यायाची आहे. परिषदेत अर्धा तास ठेवा. त्या महिन्यातले शब्द घ्या, सगळ्यांनी मिळून वाक्यं करा, झाकून पाहण्याची परीक्षा एकमेकांच्या वाक्यांवर करा आणि उरलेली वाक्यं केंद्रातल्या सगळ्या शाळांना वाटा. कळव्याच्या शाळेतलं वाक्य बेलापूरला चालेल, काही बदलावं लागेल, बदला. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथे नेमाने येणाऱ्या जुन्या वाचकांना एखाद्या बैठकीला बोलावलं तर ज्यांच्या बोलण्यात 'भांग पाडणे' आणि 'उसवणे' अजून रोज येतं अशी माणसं हाताशी लागतील.

आमच्या घरी मुलांनी केलेली वाक्यं एका वहीत जमली आहेत. काही छान आहेत, काहींना तुमच्या हाताची गरज आहे. ज्या शाळेला हवी असतील तिला मी त्यांच्या प्रती काढून आणून देईन. तपासा, बदला, हवी तेवढी ठेवा. कुणाचं नाव घालायची गरज नाही. जूनमध्ये वर्ग भरायच्या आधी कळवलंत तर पहिल्या घटक चाचणीच्या वेळेपर्यंत ती तुमच्या हातात असतील.

आपली,
ऐरोलीतली एक आई